पाचवीच्या आधीची रेघ

तुळसाबाईचा हात चांगला, असं गावात दोन कारणांनी म्हणायचे. पहिलं कारण लग्नाचं. तिनं भिंतीवर काढलेल्या चौकासमोर हळद लागली की संसार सुखाचा होतो, अशी बायकांची समजूत होती. दुसरं कारण बाळंतपणाचं. हे दुसरं कारण पहिलं संपल्यावर थोड्या काळानं सुरू झालं, आणि मधल्या काळात त्या हाताला काम नव्हतं. तिची सगळी गोष्ट त्या रिकाम्या काळातच मुरली, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्याही नाही.

गाव म्हणजे डोंबिवलीच्या खाली, खाडीला लागून असलेला चाळीसेक घरांचा आगरी पाडा. पुढं मिठागरं, मागं भातखाचरं, आणि खाचरांच्या पलीकडून ठाण्याहून कल्याणला जाणारी आगगाडी. पावसाळ्यात भात पिकवायचं, उन्हाळ्यात मीठ. घरं कारवीच्या कुडाची, शेणामातीनं लिंपलेली. अशा भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ लांबून उठून दिसते, आणि गावात ती रेघ उगाच कुणी काढत नसे. लग्न असलं की चौक, आणि मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी ओटीच्या भिंतीवर पाचवी. वाटेनं जाणारा माणूस भिंत बघून समजून जायचा, या घरात काय झालंय ते. हे लक्षात असू द्यावं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

तुळसा लग्न होऊन आली तेव्हा पंधराची होती. दुसऱ्याच वर्षी भावकीतल्या एका लग्नात चौक काढणारी बाई आजारी पडली म्हणून हिला बसवलं. हिनं खजुरीच्या काडीचं टोक चावून कुंचला केला आणि दुपारभरात भिंत अशी भरली की वऱ्हाडी पान सोडून भिंत बघायला उठले. असं सांगतात खरं, पण हे जरा वाढवलेलं असणार. आगरी लग्नातलं पान सोडून उठलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. एवढं मात्र खरं, की पुढची दहा वर्षं त्या पाड्यावर आणि शेजारच्या दोन पाड्यांवर तुळसाशिवाय चौक निघाला नाही.

ती सव्वीस वर्षांची असताना तिचा नवरा काळुराम तापानं गेला. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी माणूस नाही. पाट लावायची रीत होती, दोघे जण विचारूनही गेले, तुळसा नको म्हणाली. नवऱ्याचं दुःख होतंच. पण तिला आणखी एक गोष्ट टोचत होती, आणि लाजेपोटी ती तिनं कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. नंतरच्या पहिल्या लग्नाचं बोलावणं आलं ते नुसतं जेवायचं. चौक सवाशिणीनं काढायचा, तेव्हा भिंतीशी दुसरी बाई बसली होती. तिच्या रेघा वाकड्या येत होत्या. तुळसा मांडवाच्या कडेला बसून त्या रेघा बघत राहिली, आणि पदराखाली तिची बोटं आपोआप चालत होती.

ती बोटं तिच्या सासूनं, गोदूबाईनं पाहिली. गोदूबाई गावची सुईण. तोंडानं फटकळ, नजरेनं बारीक. घरी आल्यावर म्हणाली, "तुझे बोटांना काम लागतंय. चल उद्यापासून माझे संगती."

अशी तुळसा सुईणपणाला लागली. त्यात तिला एक सुख मिळालं. पाचवीची भिंत सुईणीचीच असते, तिथं सवाशीण की विधवा हे कुणी विचारत नाही. पाचव्या रात्री सटवी येऊन मुलाच्या कपाळी नशीब लिहून जाते, आणि तिला वाट दाखवायची ती सुईणीनं, असा रिवाज. म्हणजे मूल जन्मलं की पाच दिवसांनी का होईना, तुळसाच्या हाती कुंचला यायचा. बायका म्हणायच्या, तुळसा बाळंतपण छान करते कारण तिला पाचवीची घाई असते. तुळसा हसायची आणि नाही म्हणायची नाही.

गोदूबाई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी शेजारची रतन चौथ्या बाळंतपणात तुळसाच्या हातात गेली. दोष कुणाचाच नव्हता. मूल नीट झालं, पण रक्त थांबलं नाही. रतन तिची जिवाभावाची मैत्रीण, दोघींनी एका खाचरात लावण्या केलेल्या. रतनच्या घरचं कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या बाळंतपणाला तुळसा निघाली, आणि त्या घराचा उंबरा ओलांडताना तिचा उजवा हात कापायला लागला.

तो मग प्रत्येक उंबऱ्यावर कापू लागला. तिनं तेल चोळून पाहिलं, गरम पाण्यात धरून पाहिला, गावदेवीला कोंबडं कबूल केलं. हात घरी ठीक असायचा, भात कांडताना ठीक असायचा, बाळंतिणीच्या पोटाशी गेला की थरथरायचा. आणि गोदूबाईचं सांगणं तिच्या कानात होतं. भ्यालेला हात पोटाला लगेच ओळखू येतो, म्हणायची ती. पोट मग आवळून घेतं, आणि मुलाला वाट राहत नाही. हाताशिवाय सुईणीजवळ दुसरं असतं काय? तुळसा मनातून पार खचली होती.

अशात एकदा शेजारच्या पाड्यावर ती सकाळपासून थांबून होती. मूल घाई करीना. चुलीपाशी घावनांसाठी कालवलेल्या तांदळाच्या पिठाची वाटी होती. बसल्याबसल्या तिनं त्यात बोट बुडवलं आणि भिंतीला लावलं. बोट कापत होतं, तेव्हा रेघही कापरी आली. जिनं दहा वर्षं चौक काढले तिला ती रेघ बघवेना. तिनं तिच्या शेजारी दुसरी ओढली. मग तिसरी. रेघांची चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी झाली, चिंबोरीच्या शेजारी बगळा उभा राहिला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा भिंत कमरेइतकी भरली होती आणि रेघ सरळ उतरत होती. तुळसानं हाताकडे पाहिलं. हात शांत होता.

तेवढ्यात घोंगडीवरच्या बाईनं विचारलं, "मावशे, त्या बगल्याचे चोचीत काय हाय?"

"निवटी," तुळसा म्हणाली. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारी ती लहानशी मासळी.

"मंग तिची शेपटी कुठं?"

"काढतंय. शेपटी होईस्तवर येवढी कळ सोस."

तिनं सोसली. शेपटी झाली, मग पंख झाला, आणि पोरगा झाला तेव्हा ती बाई भिंतीकडेच बघत होती.

त्या दिवसापासून तुळसा कुठंही गेली की आधी वाटी मागायची. तिची एक पद्धत बसून गेली. कळ आली की कुंचला थांबायचा आणि हात बाईच्या पाठीवर जायचा. कळ ओसरली की रेघ पुढं सरकायची. चार-सहा वेळा असं झालं की बाळंतीण कळेची धास्ती घ्यायच्याऐवजी पुढच्या रेघेची वाट बघायला लागायची. माणूस ती कधी काढत नसे, पाळणा नाही, सटवी तर मुळीच नाही. ते पाचवीचं. ती काढायची चिंबोऱ्या, होड्या, भाताचे भारे, आणि एखादीनं मागितलीच तर धूर सोडणारी आगगाडी. मूल झालं, वार पडली, आई-मूल निजली, की ती हाती शेण घेऊन भिंत सारवून टाकायची. पाचवीला भिंत कोरी. घरच्या चार बायकांशिवाय त्या चित्रांचा कुणाला पत्ताही नसायचा. इतकी सुंदर चित्रं शेणाखाली गेली याची आपल्याला हळहळ वाटते. तिला वाटत नव्हती. तिचं काम झालेलं असायचं.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग आली परशुरामाच्या घरची खेप.

परशुराम मचव्यावरचा, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीवरचा, तांडेल. मीठ भरायचं, भरती बघून ठाण्याच्या बंदराला न्यायचं, तिथून आणखी खाली. एकदा निघाला की आठ-आठ दिवस घरी नाही. त्याची बायको हौसाबाई म्हणजे घराचा खांब. पाड्यावर तिच्या शब्दाबाहेर बायका जात नसत, पुरुष जायचे पण सांभाळून. मुलगा उन्हाळाभर मिठागरावरच असायचा, आणि त्यांची एकुलती एक सून आवडा पहिलटकरीण होती. चैत्र तापलेला, आत जीव घुसमटत होता, म्हणून तुळसानं आवडाला ओटीवर आणून फेऱ्या घालायला लावल्या. आणि जिथं आवडा तिथं वाटी. त्या दिवशी तुळसानं पहिल्यांदाच बाहेरच्या भिंतीवर रेघ ओढली. रोजच्या सवयीनं ओढली. ही भिंत खाडीतून दिसते, हे तिच्या मनात आलंच नाही.

त्याच दिवशी परशुराम आठ दिवसांनी परतत होता. वळणावरून त्याला आपलं घर दिसलं, घराची भिंत दिसली, भिंतीवर पांढरं दिसलं. माणूस हरखून गेला. पाचवी झाली, म्हणजे मूल होऊन पाच दिवस झाले, म्हणजे सगळं सुखरूप. तो घरी गेलाच नाही. मचवा लावला आणि तसाच गावदेवीच्या देवळात गेला, नवसाचे पाच नारळ फोडले, ठाण्याहून आणलेला गूळ दिसेल त्याच्या हातावर ठेवला. बाजारात तुरी म्हणतात त्यातली गत. पाड्यावरच्या बायकांना वाटलं, आपल्याला कुणी कळवलं कसं नाही. तरी मोठ्या मनानं त्या निघाल्या. डोक्यावर पाण्याची घागर, हातात काजळ-कुंकू, तोंडी पाचवीचं गाणं. गाणं म्हणत परशुरामाच्या अंगणात शिरल्या तर समोर आवडा ओटीचा खांब दोन्ही हातांनी धरून कळ सोसत उभी.

गाणं अर्ध्यात थांबलं. हौसाबाईनं विचारलं, "कुनी सांगितलं तुमाना?"

एकीनं नुसतं भिंतीकडे बोट केलं.

मूल झालं त्या संध्याकाळी. मुलगा होता. तुळसाला त्याच्या पहिल्या रडण्यातच कळलं की हा आवाज फार दिवसांचा नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि त्या घरात पाचवी झाली नाही.

हौसाबाई रडली नाही. तेराव्या दिवशी ती तुळसाच्या अंगणात आली आणि चार बायकांसमोर म्हणाली, "सटवीनं लांबूनच बघितलं. भिंत आधीच लिवून झालेली. ती काय लिवनार? पाचवीचे आधीच मागं फिरली."

मूल अशक्त होतं, ते रेघेनं गेलं नाही, हे तुळसा सांगू शकली असती. पण ते सांगणं म्हणजे जखमेवर मीठ, आणि मिठागरावर राबणाऱ्यांना तो प्रकार काय असतो हे समजावून द्यावं लागत नाही. ती म्हणाली, "पाचवीचे आधी माझे हातून रेघ निघनार नाय." शब्द दिला आणि पाळला.

हात पुन्हा कापू लागला. ती घरून निघायच्या आधी आपल्या भिंतीवर तास-तास रेघा ओढायची, मन निवांत व्हायचं, पण तो निवांतपणा दुसऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत टिकत नसे. मग ती काहीतरी सबब सांगून बोलावणी टाळू लागली. आज अंगात कसर आहे, आज भात उन्हात आहे. जिथं टाळता आलं नाही तिथं देवाचं नाव घेत निभावून नेलं. भीती आपल्या पाचवीलाच पुजलेली आहे, असं तिनं मनाशी धरून टाकलं.

दोन वर्षांनी आवडाला पुन्हा दिवस गेले. हौसाबाईनं लांबच्या गावची एक नामांकित सुईण ठरवली. आवडा एरवी सासूपुढं मान वर न करणारी पोर, पण या वेळी हटून बसली. मला तुळसामावशीच पाहिजे, दुसरी आली तर मी माहेरी जाते. शेवटी नववा महिना लागला तेव्हा हौसाबाई पुन्हा तुळसाच्या अंगणात आली. या वेळी एकटी.

"ये," ती म्हणाली. "पन रेघ नको."

तुळसानं आपला उजवा हात पुढं धरला. "बघ. नुसतं बाळंतपणाचं नाव काढलंस तरी असा होतोय. दुसरी बघ कोनी."

हौसाबाईनं त्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "तरी ये."

ज्या उन्हाळ्यात डोंबिवलीला आगगाडी थांबायला लागली, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. दिवस भरत आले तसा परशुराम मुद्दाम मचवा भरून निघून गेला. घरात बसून वाट बघणं त्याच्या छातीला झेपणारं नव्हतं. कळा सकाळी सुरू झाल्या. तुळसानं पोटाला हात लावला मात्र, तिच्या तोंडचं पाणी पळालं. मूल आडवं होतं.

आडवं मूल बाहेरून वळवावं लागतं. हाताला खोबरेल लावून, दोन कळांच्या मधे पोट सैल असेल तेवढ्यातच, अगदी धीरानं. जोर करून चालत नाही. आणि तुळसाचा हात तर पानासारखा लटपटत होता. तो पोटाला लागला की पोट दगड व्हायचं. तिनं तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या खेपेला आवडानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"मावशे, तू भ्यालीस."

तुळसा खोटं बोलली नाही. "हो गो."

"मंग चिंबोरी काढ."

"शब्द दिलाय मी."

कुडाच्या पलीकडे हौसाबाई होती. कारवीच्या कुडातून श्वास घेतलेलाही ऐकू येतो. सकाळपासून तिनं अंगण दोनदा झाडलं होतं, पाणी तीनदा उकळलं होतं, कोंबड्या मोजून झाल्या होत्या. आता हाताला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग जात्याची घरघर सुरू झाली आणि थांबली. हौसाबाई आत आली तेव्हा तिच्या हातात पिठाची वाटी होती.

"काढ," ती म्हणाली.

तुळसाचे दोन्ही हात आवडाच्या पोटावर होते, कोपरापर्यंत तेलानं माखलेले. एका हाताखाली मुलाचं डोकं होतं, दुसऱ्याखाली पाठ. ते उचलले असते तर जे थोडंफार हललं होतं तेही पुन्हा जागच्या जागी गेलं असतं. "मना सोडता येत नाय," ती म्हणाली. "तू काढ."

"मी? मना नाय येत."

"चिंबोरी कवा पाह्यली नाय काय?"

हौसाबाईनं जन्मभर चिंबोऱ्या धरल्या, फोडल्या, रांधल्या होत्या. ती भिंतीशी बसली, बोट वाटीत बुडवलं आणि भिंतीला टेकवलं. आणि तुळसानं पाहिलं, हौसाबाईचं बोट आपल्यापेक्षा जास्त कापत होतं. रेघ अशी आली की जणू भिंतच हलते आहे. दोन वर्षं तुळसानं या बाईचा राग सोसला होता, आणि तो राग नव्हताच. घरात सगळ्यात जास्त भ्यालेलं माणूस कोण, हे तिला तेव्हा कळलं. तिच्या मनात जी अढी होती ती तिथंच सुटली.

"वाईच मोठी काढ," तुळसा म्हणाली. "आवडाला दिसू दे."

हौसाबाईनं पाठ मोठी केली. एक नांगी काढली, दुसरी काढली. मग पाय काढू लागली. कळ आली तशी ती थांबली, तुळसानं न सांगताच थांबली, आणि कळ ओसरल्यावर पुढचा पाय काढला. तिघी बायका एका बोटाकडे बघत होत्या. सूनबाईच्या तोंडावर घाम होता, पण डोळे भिंतीवर होते.

"आत्ये," आवडा एकदम म्हणाली, "तिचे एका अंगाला पाच पाय झाले."

हौसाबाईनं मोजले. एका बाजूला पाच, दुसऱ्या बाजूला तीन. "आट भरले ना," ती फणकारली. "मंग कुठं का असनात."

आवडाला हसू आलं. तसल्या अवस्थेत, पोट धरून, खरोखर हसू आलं, आणि हसता हसता तिचं पोट सैल सुटलं. तुळसाचे हात त्याच घडीची वाट बघत होते. ते कापत नव्हते, कधी थांबले तिलाही कळलं नव्हतं. तिनं हळूच डोकं खाली ढकललं, पाठ वर उचलली, आणि आतलं मूल झोपेत कूस बदलावी तसं अर्धं वळलं.

"आता बगला काढ," ती म्हणाली.

बगळ्याला मान जास्त झाली. मचव्याची डोलकाठी कलली. ऊन उतरणीला लागलं तेव्हा मूल पुरतं वळलं होतं, आणि ऊन ओटीवर यायच्या आत मुलगी झाली. तिच्या रडण्यानं अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. तुळसानं तो आवाज ऐकला आणि नाळ कापायला घेतली.

तरी भीती सरली नव्हती. पुढं तिसरा दिवस होता. त्या दिवशी हौसाबाई पहाटेपासून आतल्या भिंतीशी वाटी घेऊन बसली. जेवलीसुद्धा नाही. दर थोड्या वेळानं नातीच्या नाकापाशी बोट धरून बघायची आणि परत येऊन रेघ ओढायची. दिवस मावळला. पोरगी दूध ओढत होती.

पाचवीला तुळसा नेहमीप्रमाणे शेणाची पाटी घेऊन आली, आधी आतली भिंत सारवायला. हौसाबाईनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे ती."

तुळसानं पाटी खाली ठेवली. मग ती ओटीवर गेली आणि बाहेरच्या भिंतीवर रीतसर पाचवी काढली. त्या दिवशीची तिची रेघ पाहिलेल्या बायका म्हातारपणीही तिची आठवण काढायच्या.

दुपारच्या भरतीला परशुराम आला. दुधानं तोंड पोळलेला माणूस. भिंत त्याला वळणावरूनच दिसली, पण या वेळी त्यानं देवळाकडे बघितलंसुद्धा नाही. चिखलाच्या पायांनी सरळ अंगणात येऊन उभा राहिला आणि घराकडे पाठ करून म्हणाला, "ही भिंत खरी का?"

हौसाबाईनं नात त्याच्यासमोर नेऊन धरली. तांडेलानं तिच्याकडे बघितलं, मग खाडीकडे बघितलं, मग डोळे पुसले. आत जाऊन सुनेची विचारपूस करून आला आणि म्हणाला, "आतली चिंबोरी कुनी काढली? पाय चुकलेत."

"मी काढली. भ्यायले होते तवा," हौसाबाई म्हणाली.

पाड्यावर कुणी हौसाबाईच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. परशुराम ओटीवर टेकला. मिठानं खाल्लेले त्याचे हात मांडीवर थरथरत होते. तुळसानं उरलेल्या पिठाची वाटी त्याच्याकडे सरकवली, आणि त्यानं थोडं इकडंतिकडं बघून खाली कोपऱ्यात एक मचवा काढला. तो मात्र हुबेहूब आला.

पुढं तुळसा बारा वर्षं सुईणपण करत होती. कुठल्याही घरी गेली की आधी सगळ्यांच्या तोंडाकडे एकवार बघायची, आणि सगळ्यात जास्त भ्यालेल्याच्या हाती वाटी द्यायची. कधी सासू असायची, कधी नवरा, एकदा तर बाळंतिणीचा म्हातारा बाप. मोठ्या तोऱ्याची माणसं आधी हसायची आणि मग भिंतीशी बसायची. ज्या रेघेसाठी तिला एकदा मांडवाच्या कडेला बसावं लागलं, ती रेघ तिनं अशी घराघरांत वाटून टाकली. मोठ्या मनाची बाई होती. आपली कला आपल्यापाशीच राहावी, असं तिला कधी वाटलं नाही.

शेवटच्या दुखण्यात ती महिनाभर अंथरुणाला होती. एका सकाळी म्हातारी हौसाबाई काठी टेकत आली. दुसऱ्या हातात वाटी होती.

"मना कशाला आनलीस?" तुळसा म्हणाली. "मना भ्या नाय वाटत."

"तुना नाय," हौसाबाई म्हणाली. "मना वाटतंय."

आणि ती भिंतीशी बसली. तुळसानं कूस बदलून तोंड तिकडं केलं. हौसाबाईनं पाठ काढली, नांग्या काढल्या, मग पाय काढायला घेतले, आणि तुळसा पडल्या पडल्या मोजत राहिली. एका अंगाला चार भरले. दुसऱ्या अंगालाही चार.